मंडळीच्या थैलीची कुळकथा

संस्थेने आपल्याविषयी काय म्हटले आहे हे तिच्या घटनेत वाचावे आणि ती वस्तुतः कशी आहे हे तिच्या रोजकीर्दीत पाहावे, हा नियम बँका व गिरण्या यांच्याइतकाच देवळांना, मशिदींना आणि ख्रिस्ती मंडळ्यांनाही लागू पडतो. बंगळूर शहरातील पुष्कळशा उपासनामंदिरांत रविवारी उपदेश संपला, गीताला सुरुवात झाली, की लाकडी मुठीची मखमली थैली बाकांच्या ओळींतून फिरू लागते. तिचे तोंड अरुंद आणि पोट खोल असते, आणि या घडणीतच एक सभ्यता आहे. कारण हात आत गेल्यावर मूठ उघडते, नोट शेजाऱ्याच्या नजरेस पडत नाही, नाण्याचा आवाज मखमल गिळून टाकते, आणि शंभर देणारा व दोन रुपये देणारा हे दोघेही एकाच शांततेने थैली पुढे सरकवतात. मग थैल्या वेदीपुढे नेल्या जातात, सारी मंडळी उभी राहते, पाळक त्या अर्पणावर प्रार्थना करतात. आणि उपासना आटोपल्यावर मागच्या खोलीत दोघे-तिघे पंच टेबलावर नाणी-नोटांच्या चळती लावून रक्कम मोजतात, वहीत मांडतात आणि तिच्याखाली सह्या करतात.

या थैलीवर काय काय अवलंबून असते याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. दिव्यांचे बिल, मंदिराची झाडलोट करणाऱ्याचा व घंटा वाजवणाऱ्याचा पगार, वाद्याची दुरुस्ती, रविवारच्या शाळेची पुस्तके, दवाखान्यातील आजाऱ्यांच्या भेटी, निराधार विधवेचा महिन्याचा किराणा, हे सारे तर त्यातून भागवावयाचे असतेच. शिवाय पाळकाचा पगार बहुतेक ठिकाणी धर्मप्रांताच्या मध्यवर्ती कोशातून निघत असला, तरी त्या कोशात प्रत्येक मंडळीने आपला ठरलेला हिस्सा भरावयाचा असतो. असा हा भार वाहणारी थैली आली कोठून, तिच्या आधी हा खर्च कोण चालवीत असे, आणि तो भार सामान्य सभासदाच्या खिशावर येण्यास किती शतके लागली, ही कुळकथा लांबलचक असली तरी सांगण्याजोगी आहे.

तिचा आरंभ यहुदी धर्मशास्त्रातील दशमांशापासून होतो. इस्राएलाच्या बारा वंशांना जमिनी वाटून दिल्या गेल्या, तेव्हा उपासनेची सेवा ज्यांच्याकडे होती त्या लेवी वंशाला जमीन मिळाली नाही. तिच्या मोबदल्यात इतरांच्या उत्पन्नाचा दहावा भाग त्यांना लावून देण्यात आला. आपल्याकडील बलुत्याच्या वहिवाटीशी परिचय असलेल्या वाचकाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. आद्य ख्रिस्ती मंडळ्यांनी मात्र दशमांशाचे बंधन सरसकट पुढे चालविलेले दिसत नाही. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी जमविताना पौलाने करिंथच्या मंडळीला आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूस काढून ठेवण्यास सांगितले. आणि कार्थेजच्या तर्तुल्यनाने इ. स. २०० च्या सुमारास आपल्या मंडळ्यांचे जे वर्णन केले आहे त्यात महिन्यातून एकदा, स्वेच्छेने व ऐपतीप्रमाणे पेटीत पैसे टाकण्याची चाल आढळते, आणि तो पैसा अनाथ, वृद्ध, बंदिवान व कंगाल यांच्या पोषणासाठी व मृतांच्या दफनासाठी खर्ची पडत असे. आजच्या थैलीचा मूळ पुरुष कोणता, असे विचारल्यास ही पेटीच दाखवावी लागेल.

परंतु धर्माला राजाश्रय मिळाला की स्वेच्छेचे रूपांतर सक्तीत व्हावयास वेळ लागत नाही. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने ७७९ साली दशमांश देणे कायद्याने बंधनकारक केले, आणि पुढे सुमारे हजार वर्षे युरोपातील कुणब्याच्या खळ्यावरून दहावी पेंढी धर्मगुरूच्या कोठारात जात राहिली. तिला अर्पण म्हणावे की सारा म्हणावे, हे ज्याची पेंढी जात असे त्यालाच ठाऊक! फ्रान्समध्ये १७८९ च्या राज्यक्रांतीने हा दशमांश बुडविला. इंग्लंडात १८३६ च्या कायद्याने तो धान्याऐवजी रोख रकमेत आला आणि तिचा शेवट व्हावयास १९३६ साल उजाडावे लागले. आपल्या किनाऱ्यावरही याच वृत्तीचा एक अध्याय घडून गेला आहे. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने १५४१ साली तिसवाडीतील देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या चर्चांकडे व नवख्रिस्त्यांच्या पोषणाकडे वळविले, म्हणजे गावकऱ्यांनी आपल्या दैवतासाठी राखलेली मिळकत त्यांच्या खुशीवाचून दुसऱ्या दैवताच्या खात्यावर चढविली गेली. चर्च उभे राहिले, दिवा लागला, पाद्रीचे पोट भरले. पण ते गावाने आपल्या हाताने चालविले असे मात्र कोणालाही म्हणता येणार नाही.

बंगळूरच्या पहिल्या इंग्रजी चर्चांची कथा यापेक्षा सौम्य असली, तरी तीही सरकारी खजिन्याचीच कथा आहे. टिपूच्या पाडावानंतर कंपनीची फौज श्रीरंगपट्टणाहून हळूहळू बंगळूरला हलली, १८०९ च्या सुमारास छावणी वसली, आणि तिच्यातील गोऱ्या शिपायांसाठी व अंमलदारांसाठी १८०८ साली सुरू झालेले सेंट मार्क्सचे बांधकाम १८१२ साली पुरे झाले. पलटणीला जसा डॉक्टर तसा पाद्री, असा तेव्हाचा हिशेब असून या पाद्र्यांचा मुशाहिरा सरकारी खजिन्यातून मिळत असे. म्हणजे ज्या रयतेने त्या मंदिराचा उंबरठा ओलांडला नव्हता, ओलांडू म्हटले तरी जिला तेथे जागा नव्हती, तिच्या साऱ्यातून साहेबांच्या उपासनेचा खर्च चालत होता. अशा मंदिरात थैली फिरलीच तर ती गरिबांच्या मदतीसाठी किंवा एखाद्या नव्या सजावटीसाठी. मंडळीचे अस्तित्व तिच्यावर अवलंबून नव्हते, आणि म्हणून तिच्यात टाकलेल्या रुपयाला मालकीची जाणीवही नव्हती.

याच शहरात दुसरा एक प्रवाह मात्र अगदी निराळ्या उगमापासून येत होता. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे व १८२१ साली वेस्लियन मिशनचे लोक बंगळुरास आले, ते सरकारी सनद घेऊन नव्हे, तर इंग्लंडातील चांभार, विणकर, खाणकामगार व दुकानदार यांनी पै-पैशाने जमविलेल्या वर्गणीच्या जोरावर आले. या वर्गणीच्या दोन जन्मकथा प्रसिद्ध आहेत. केटरिंग या गावी २ ऑक्टोबर १७९२ रोजी काही बाप्टिस्ट पाळक एका विधवेच्या घरी जमले, परदेशी सुवार्ताप्रसाराची संस्था काढण्याचे त्यांनी ठरविले, आणि ज्याने त्याने आपल्या देणगीचे वचन चिठ्ठीवर लिहून तपकिरीच्या डबीत टाकले. बेरीज भरली १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. त्या डबीच्या भांडवलावर विल्यम कॅरी पुढल्या साली बंगालात येऊन पोहोचला, आणि मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली छापून निघाले ते त्याच्याच हातून. तेव्हा त्या तपकिरीच्या डबीचे थोडेसे ऋण मराठी वाचकाच्याही खाती जमा आहे.

दुसरी कथा बंगळूरच्या दृष्टीने अधिक जवळची. जॉन वेस्ली याच्या अनुयायांनी ब्रिस्टल शहरात १७३९ साली सभागृह बांधले, त्याचे कर्ज डोक्यावर राहिले, आणि १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ते कसे फेडावे याचा खल चालला असता कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचविले की, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. पुष्कळ लोक इतके गरीब आहेत की त्यांना तेही झेपणार नाही, अशी शंका निघताच तो म्हणाला की सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्या नावावर टाका. मी दर आठवड्याला त्यांच्या दारी जाईन, दिले तर घेईन, आणि ज्याच्यापाशी नसेल त्याच्या नावचे मी भरीन. इतरांनीही असेच अकरा-अकरा जण वाटून घेतले. मात्र वसुलीसाठी घरोघर जाणाऱ्या या मंडळींना पैशांपेक्षा निराळेच काही हाती लागू लागले: कोणाच्या घरी आजार, कोणाच्या घरी दारू, कोणाच्या घरी अबोला. वेस्लीने ते हेरले, वसुलीदारांना आध्यात्मिक देखरेखीचे काम दिले, आणि मेथॉडिस्ट पंथाची जी सुप्रसिद्ध वर्गव्यवस्था तिचा जन्म असा एका कर्जाच्या हप्त्यातून झाला. आठवड्याला पेनी व तिमाहीला शिलिंग हा त्या पंथाचा शिरस्ताच होऊन बसला, आणि तोच शिरस्ता घेऊन वेस्लियन लोक म्हैसूरच्या मुलखात उतरले. बंगळूरचे हडसन स्मारक मंदिर, जे जोसाया हडसन या वेस्लियन मिशनऱ्याच्या नावे १९०४ साली कानडी मंडळीसाठी उभे राहिले, ते याच वंशावळीतले.

तथापि पेनीची परंपरा घेऊन आलेल्या मिशनने येथील मंडळीला मात्र प्रथम पेनी द्यावयास शिकविले नाही. तिला पगार घ्यावयास शिकविले. याला कारणही तसेच होते. ख्रिस्ती झालेल्या माणसाला घर सोडावे लागे, वडिलार्जित मिळकतीवरचा त्याचा हक्क जाई, आणि तो हक्क शाबूत राखणारा कायदा व्हावयास १८५० साल यावे लागले. अशा माणसाला शिक्षक, उपदेशक, छापखान्यातील जुळारी किंवा मिशनच्या आवारातील चौकीदार म्हणून ठेवून घेण्यावाचून मिशनऱ्यापुढे मार्ग उरत नसे. परंतु आपत्कालीन उपाय हीच वहिवाट झाली, आणि पाळक मिशनचा नोकर, मंदिर मिशनचे, खर्च मिशनचा, मग मंडळीने द्यावे कशासाठी, असा समज दोन-तीन पिढ्यांत घट्ट झाला. चर्च मिशनरी सोसायटीचा चिटणीस हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्डाचा रूफस अँडरसन या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा दोष नेमका ओळखला, आणि मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः चालवावा व स्वतःचा प्रसार स्वतः करावा, असे तिहेरी सूत्र मांडले. १८५४-५५ साली अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आला तेव्हा अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये याच विचाराचे वारे वाहू लागले, आणि हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांच्यासारख्या मराठी माणसांकडे मंडळ्यांचे पाळकपद आले. पाळक आपला झाला. त्याचा पगार आपला व्हावयाला मात्र पुष्कळ अवकाश होता. ही बोच रेव्हरंड नारायण वामन टिळकांइतकी तीव्रतेने क्वचितच कोणाला जाणवली असेल. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, 'देवाचा दरबार' मांडला, आणि लोक आपखुशीने देतील त्यावर निर्वाह करण्याचे व्रत घेऊन १९१९ साली देह ठेवला.

याच सुमारास दक्षिणेत व्ही. एस. अझरया या तमिळ पुरुषाने तोच प्रश्न संघटनेच्या बळावर हाती घेतला. १९०५ साली श्रीरामपूर येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीचा निश्चय असा होता की माणसे हिंदी, पैसा हिंदी व व्यवस्थाही हिंदी असावी. आणि १९१२ साली दोर्नकलचा बिशप झाल्यावर अझरयाने ज्यांच्या घरी रोख रुपया महिनोन्महिने दिसत नसे अशा तेलुगू शेतमजुरांच्या मंडळ्यांनाही देण्याची दीक्षा दिली. गरीब आहे म्हणून त्याच्याकडून घेऊ नये, हे म्हणणे वरवर दयेचे दिसले तरी त्यात त्याचा मान कमी होतो, असा त्याचा रोख होता. रोख नाही तर धान्य द्यावे, कोंबडी द्यावी, अंडे द्यावे. दक्षिण हिंदुस्थानातील अनेक मंडळ्यांत बायकांनी रुजविलेली मूठभर तांदळाची चाल याच विचारातली आहे. स्वयंपाकासाठी तांदूळ मापून घेतले की त्यातून एक मूठ काढून चुलीशेजारच्या वेगळ्या डब्यात टाकावयाची, आणि ठरल्या दिवशी तो डबा मंडळीकडे पोहोचवावयाचा. घरातील कर्त्या पुरुषापुढे हात न पसरता, केवळ स्वयंपाकघरातील आपल्या अधिकारावर, ज्या स्त्रीच्या नावे जमाखर्चात एक ओळही नव्हती ती अशा रीतीने मंडळीची पोशिंदी झाली. ईशान्येकडील मिझो मंडळ्यांत ही चाल १९१० साली सुरू झाली, आणि आजही तेथील चर्चच्या उत्पन्नाचा तो एक भक्कम आधार आहे.

शेतमालाच्या अर्पणाची जी दुसरी चाल बंगळुरात आज मोठ्या थाटाने पाळली जाते, ती कापणीच्या सणाची. प्रथमफळांचे अर्पण मोशेच्या नियमशास्त्राइतके जुने असले, तरी या सणाचे आजचे रूप कॉर्नवॉल प्रांतातील मॉर्वेनस्टो गावचा कवी-पाद्री रॉबर्ट स्टीफन हॉकर याने १८४३ च्या ऑक्टोबरात आपल्या खेडुतांना नव्या धान्याची भाकर घेऊन उपकारस्तुतीसाठी बोलाविले तेथपासूनचे मानले जाते. बंगळूरच्या मंडळीने या इंग्रजी सणाला लिलावाची जोड देऊन त्याचा रंगच पालटून टाकला. वर्षाच्या उत्तरार्धातील एखाद्या रविवारी वेदीभोवती उसाच्या मोळ्या, केळीचे घड, नाचणीची कणसे, भोपळे व नारळ रचले जातात. ज्यांनी आयुष्यात नांगराला हात लावला नाही असे कारकून, परिचारिका व संगणक अभियंते केक, लोणच्याच्या बरण्या, भरतकामाचे रुमाल आणतात. आणि उपासनेनंतर अंगणात बोली सुरू होते. बाजारात पन्नासाला मिळणारा भोपळा येथे हजारांवर जातो, ज्याने तो घेतला तो पुन्हा लिलावास परत करतो, पाय बांधलेली कोंबडी दोन-तीन मालक बदलते, आणि ज्याच्या बोलीवर सारे हसतात त्याचीच पावती सर्वांत मोठी फाटते. थैलीने राखलेली गुप्तता हा लिलाव एका दिवसापुरती उघड उघड मोडतो, देणाऱ्याच्या थोड्याशा मिरवण्याला मुभा देतो, आणि त्या मिरवण्यातून मंदिराचे छप्पर दुरुस्त होते. कर्मठांना हे रुचत नाही. परंतु सक्तीपेक्षा हौस बरी, एवढे त्यांनीही मान्य करावयास हरकत नाही.

खजिन्याचा आधार सुटावयाचा होता, तो यथाकाल सुटला. १९२७ च्या कायद्यान्वये हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च १९३० साली इंग्लंडच्या चर्चपासून स्वतंत्र झाले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे अँग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन दक्षिण भारताचे चर्च स्थापन झाले. आणि १९४८ साली सरकारचे धर्मखातेच बंद पडले. छावणीतील ज्या मंदिरांनी शतकभर तनख्यावर दिवस काढले होते, ती व वेस्लियनांची पेनी ज्यांच्या अंगवळणी पडली होती ती, अशी दोन्ही प्रकारची मंदिरे आता एकाच धर्मप्रांताच्या दप्तरात आली. आणि टिकावयाचे असेल तर पहिल्यांनी दुसऱ्यांचा कित्ता गिरविला पाहिजे, हे उघड झाले. मासिक चंदा, वार्षिक पावती, पाकिटावरचा सभासदाचा क्रमांक हा सारा सरंजाम तेव्हापासून सार्वत्रिक झाला, आणि जो नियमितपणे वर्गणी भरीत नाही त्याला मंडळीच्या सभेत मताचा अधिकार नाही, असा दंडकही आला. परदेशी देणग्यांवर १९७६ साली आलेले कायद्याचे नियंत्रण २०१० व २०२० साली उत्तरोत्तर कडक होत गेल्यामुळे, बाहेरचा हात आयुष्यभर पुरेल ही उरलीसुरली आशाही मावळली. २०२० च्या टाळेबंदीत मंदिरे बंद राहिली, थैली फिरेनाशी झाली, तेव्हा फलकावर व पडद्यावर क्यूआर कोड झळकला. आता पुष्कळ तरुण सभासद खिशातील फोनवरूनच अर्पण करतात, आणि पाळकाच्या प्रार्थनेच्या वेळी वेदीपुढील थैली पूर्वीपेक्षा हलकी असते.

मात्र साधने बदलली तरी जुने दोन धोके कायम आहेत. एक धोका शार्लमेनच्या सक्तीचा: मताच्या हक्कासाठी, लग्नाच्या वा दफनाच्या परवानगीसाठी थकबाकीचा तगादा लावला, की अर्पणाचा सारा होतो, आणि ज्याच्यापाशी नाही त्याच्या नावचे भरणारा कॅप्टन फॉय तेथून अंतर्धान पावतो. दुसरा धोका त्याहून गोंडस, आणि या शहरात अलीकडे बोकाळलेला: देवाला हजार द्या, तो दसपटीने परत करील, असे सांगून दानाला सट्ट्याचे रूप देणारा उपदेश. दोहोंतही पैसा जमतो. मंडळी मात्र घडत नाही. थैलीच्या या दीर्घ प्रवासाचा निष्कर्ष काढावयाचा तर तो एवढाच निघतो की, राजाच्या खजिन्यावर, दुसऱ्याच्या जमिनीवर किंवा परदेशी वर्गणीवर उभे राहिलेले मंदिर उपासकांना आसरा देते, पण ते त्यांच्या मालकीचे होते ते त्यांच्या स्वतःच्या मुठीतून त्याचा खर्च निघू लागल्यावरच. आणि जो खर्च चालवितो त्यालाच कारभाऱ्यांना जाब विचारण्याचा अधिकार व धैर्य येते.

तेव्हा आपल्या मंडळीचे, मग ती बंगळूरची असो, बेळगावची असो वा अहमदनगरची, कल्याण व्हावे असे ज्याला वाटते त्याने दोन गोष्टी कराव्यात. पगार हाती येताच, इतर खर्चाची वाटणी होण्यापूर्वी, आपल्या ऐपतीला शोभेल असा भाग दरमहा नेमाने बाजूस काढावा. आणि वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जाईल त्या दिवशी मागच्या बाकावर डुलक्या न घेता पुढे बसून, प्रत्येक रकमेचा हिशेब नम्रपणे पण न चुकता विचारावा. जो देतो पण विचारत नाही तो कारभाऱ्यांना बिघडवितो, आणि जो विचारतो पण देत नाही त्याला विचारण्याचा अधिकार नाही.